पात्र मरतं तेव्हा डीएमनं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, चार खेळाडू, तिसरी लेव्हल. विझर्डचे (जादूगाराचे) ७ एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा) उरले असताना ऑगर या राक्षसाचा क्रिटिकल (वीस बाजूंच्या फाशावर २० पडल्यानं नुकसानाचे फासे दुप्पट होणारा वार) बसला. नुकसान २९ आलं. डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, फासे झाकणाऱ्या स्क्रीनमागून २० सांगितलं आणि विझर्ड बेशुद्धीवर निभावला. खेळाडूंना आता शंका आली आहे. पात्र मरू द्यायला हवं होतं का, आणि मेलं असतं तर पुढे काय?

आधी हिशेब बघू. कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) १४ असलेल्या तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डचे कमाल एचपी २० होतात. २९ पैकी ७ त्याला शून्यावर आणण्यात गेले, उरले २२. उरलेलं नुकसान कमाल एचपीइतकं किंवा त्याहून जास्त असेल तर डेथ सेव्हचा (शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायच्या फाशाचा) प्रश्नच येत नाही, पात्र जागीच मरतं. म्हणजे नियमानं विझर्ड मेला होता. २० सांगितल्यामुळे उरले १३, म्हणून तो नुसता पडला.

माझ्या मते चूक विझर्डला वाचवण्यात नाही, वाचवायची वेळ चुकली. ऑगर कोणावर धावून जातो, तो सोटा हाणतो की बारक्या विझर्डला उचलून भिरकावतो, पाठोपाठ दुसरा ऑगर येतो की नाही, हे सगळं फासा टाकण्याआधी तुमच्या हातात होतं. फासा पडल्यावर आकडा बदलला की त्याची किंमत पुढच्या सेशन्समध्ये मोजावी लागते. इथून पुढे कोणीही वाचलं तरी ते डीएमच्या कृपेनं वाचलं असं वाटणार. आणि तीन महिन्यांनी फायटर खरोखर मेला तर त्याचा खेळाडू विचारेल, त्याला वाचवलंत, मला का नाही? या प्रश्नाला उत्तर नसतं.

पात्र गेल्याचं दुःख खेळाडू बहुधा पचवतात. अन्याय झाल्याची भावना येते ती धोका किती मोठा आहे हे त्यांना माहीत नसतं तेव्हा, किंवा त्यांना ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं तेव्हा. मेल्यावर उरलेले तीन तास मोबाईल बघत बसावं लागलं तर ती आणखी वाढते. यातली कुठलीच गोष्ट फाशांवर अवलंबून नाही, म्हणून खालचा बहुतेक सल्ला फाशांच्या आधीचा आणि नंतरचा आहे.

नियम आणि त्यामागचे आकडे

या विषयावर मिळणारे सल्ले एकमेकांना छेद देतात, कारण ते वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या काळातले आहेत. १९८१ च्या बेसिक नियमांत शून्य एचपी म्हणजे मृत्यू. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत पात्र शून्याखाली जायचं आणि उणे १० ला मरायचं. पाचव्या आवृत्तीत उणे आकडेच नाहीत. ‘मेला तर मेला, दुसरा बनव’ हा जुन्या मंडळींचा सल्ला त्यांच्या खेळात बरोबर होता, कारण तेव्हा नवं पात्र काही मिनिटांत कागदावर यायचं. आज खेळाडू पार्श्वभूमी, सबक्लास (पात्राच्या पेशाची शाखा), स्पेल्स (मंत्र) ठरवण्यात एक संध्याकाळ घालवतो. तो सल्ला जसाच्या तसा उचलला तर माणसं दुखावतात.

पाचव्या आवृत्तीत शून्यावर पडलेलं पात्र आपल्या पाळीच्या सुरुवातीला डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकतं. १० किंवा जास्त आलं तर यश. तीन यशांवर पात्र स्थिर होतं, तीन अपयशांवर मरतं. १ पडला तर दोन अपयशं, २० पडला तर १ एचपी घेऊन ते शुद्धीवर येतं. कोणी मदत केली नाही आणि कोणी हात लावला नाही, तर मरण्याची शक्यता सुमारे ४०.५ टक्के आहे. एक अपयश आधीच पदरात असेल तर ती ५८ टक्क्यांवर जाते, दोन असतील तर जवळजवळ ७९ टक्क्यांवर.

हे आकडे पाठ असावेत, कारण पडलेल्याला मारण्याचा खरा अर्थ त्यांतून कळतो. बेशुद्ध पात्राला ५ फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक वार आपोआप क्रिटिकल असतो आणि शून्यावर असताना क्रिटिकल म्हणजे दोन अपयशं. एक सोटा बसला की शक्यता ४० वरून थेट ७९. मल्टिअटॅक (एकाच पाळीत अनेक वार) असलेल्या राक्षसाचे दोन वार बसले की सगळं संपलं, डेथ सेव्हची पाळी येतच नाही. लांबून मारलेल्या बाणाचं गणित वेगळं आहे. बेशुद्ध असल्याचा अॅडव्हांटेज आणि आडवं पडल्याचा डिसअॅडव्हांटेज (पहिल्यात दोन फाशांतला मोठा आकडा धरतात, दुसऱ्यात लहान) एकमेकांना खातात, आणि बाण लागलाच तर एकच अपयश पडतं.

म्हणून लढाईची तयारी करताना प्रत्येक शत्रूपुढे एक शब्द लिहून ठेवा: पडलेल्याला तो सोडतो, ओढून नेतो, की संपवतो. लुटारूंना पैसा हवा असतो, ते उभ्या माणसाकडे वळतील. लांडगे शिकार ओढून नेतील, म्हणजे मागोमाग धावायला पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला) एक-दोन राउंड (सर्वांच्या एकेक पाळीचे फेरे) मिळतात. भूक लागलेला घूल मेजवानीला बसेल, पण तलवार घेऊन समोर उभं असलेल्याकडे पाठ करून नाही. सुपारी घेतलेला मारेकरी मात्र खात्रीनं संपवेल, आणि ते खेळाडूंना लढाईआधी कळलं पाहिजे. हा शब्द आधी लिहिलेला असला की ऐन वेळी तुमची माया किंवा तुमचा राग मध्ये येत नाही.

पहिल्या दोन लेव्हल्स सर्वांत जीवघेण्या असतात, आणि नवे डीएम नेमके तिथेच बेसावध राहतात. ८ एचपीचा पहिल्या लेव्हलचा विझर्ड घ्या, अंगावर एक ओरखडाही नाही. २०१४ च्या नियमांतल्या ऑर्कची कुऱ्हाड १डी१२+३ (बारा बाजूंचा एक फासा अधिक ३) नुकसान करते, क्रिटिकल झाला तर २डी१२+३. सोळा किंवा जास्त आलं की विझर्ड जागीच मेला, आणि तसं येण्याची शक्यता ५४ टक्के आहे. याउलट गॉब्लिनचा क्रिटिकल फार तर १४ पर्यंत जातो, त्यानं हा विझर्ड पडेल पण जागीच मरणार नाही. पहिल्या साहसात ऑर्कऐवजी गॉब्लिन ठेवणं हा फासा न बदलता केलेला बचावच आहे.

तिसऱ्या-चौथ्या लेव्हलनंतर एका फटक्यात मरण्याची भीती कमी होते, पण डेथ सेव्हला वळसा घालणारे राक्षस यायला लागतात. शॅडो या सावलीसारख्या भुताचं उदाहरण डोक्यात पक्कं ठेवा. त्याची चॅलेंज रेटिंग (अवघडपणाचा आकडा) फक्त १/२, त्यामुळे लढाईचा तोल मोजणारा कॅल्क्युलेटर चार-पाच शॅडोंची लढाई जीवघेणी दाखवत नाही. पण त्याचा प्रत्येक स्पर्श स्ट्रेंग्थ १डी४ नं कमी करतो आणि ती शून्यावर आली की मृत्यू, डेथ सेव्ह नाही. स्ट्रेंग्थ ८ असलेला विझर्ड सरासरी तीन-चार स्पर्शांत संपतो. चार शॅडो एकाच राउंडमध्ये तेवढे स्पर्श करू शकतात. मेंदू खाणारा इंटलेक्ट डिव्हाउरर, वरच्या लेव्हल्सना डिसइंटिग्रेट आणि पॉवर वर्ड किल हे स्पेल्स, हे सगळे याच जातीचे. बॅन्शी या भुताची किंकाळी पात्राला थेट शून्यावर आणते, पण तिथे डेथ सेव्ह तरी मिळतात. राक्षसाचं वर्णन वाचताना नुकसानाचे आकडे नंतर बघा. आधी ‘मरतो’, ‘शून्यावर येतो’, ‘परत उठत नाही’ असे शब्द शोधा.

आधी ठरवायच्या गोष्टी

सेशन झीरो (मोहिमेआधी सगळं ठरवून घेण्याची बैठक) झालं नसेल तर पुढच्या सेशनची पहिली वीस मिनिटं द्या. मोहीम निम्म्यावर असली तरी चालतं. ठरवायचं ते असं. नुसत्या वाईट फाशानं पात्र मरू शकतं का, की खेळाडूनं जाणूनबुजून धोका पत्करला असेल तेव्हाच? या जगात मेलेल्याला परत आणणं किती सोपं आहे? नवं पात्र कुठल्या लेव्हलला येणार? फासे उघड पडणार की स्क्रीनमागे? उत्तरं दोन ओळींत लिहा आणि गटाच्या ग्रुपवर टाका. तोंडी ठरलेलं सहा महिन्यांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

‘फक्त धोका पत्करल्यावरच मृत्यू’ हा पर्याय कमकुवत समजू नका. तेन्रा बान्शो झीरो या जपानी खेळात पात्राच्या कागदावर मृत्यूचा एक चौकोनच असतो. त्या चौकोनावर खूण करायची की नाही हे खेळाडू ठरवतो. खूण नसेल तर पात्र मरत नाही. खूण केली तर जादा फासे मिळतात, आणि मरण शक्य होतं. हीच युक्ती तुमच्या टेबलावर वापरता येते: कळीच्या लढाईत खेळाडूनं ‘मी जिवावर उदार झालो’ असं जाहीर केलं की इन्स्पिरेशन (एका फाशापुरती सवलत) द्या आणि त्या लढाईपुरते नियम पूर्ण कडक करा. बाकी वेळी शून्यावर पडलेला कैद होतो, जखमी होतो, काहीतरी गमावतो. अशा टेबलावर खरा मृत्यू आला तर तो खेळाडूनं स्वतः निवडलेला असतो.

एक गोष्ट सगळ्यांसमोर विचारू नका. कुठल्या प्रकारचा मृत्यू कोणाला टेबलावर नको आहे, हे चिठ्ठीवर किंवा खासगी मेसेजवर विचारा. घरात नुकतंच कोणी गेलेलं असू शकतं. लहान मुलाचा मृत्यू, आत्महत्या, दीर्घ आजार हे विषय काहींना नकोच असतात, काहींना चालतात पण वर्णन नको असतं. पहिल्या प्रकाराला लाइन आणि दुसऱ्याला व्हेल म्हणायची पद्धत गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स यांनी रूढ केली. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांचं एक्स-कार्ड ही त्याची ऐन वेळची जोड: टेबलावर फुली काढलेलं कार्ड ठेवायचं, कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग सोडून द्यायचा आणि कारण विचारायचं नाही.

धोका दाखवायचा कसा

डीएमला वाटतं आपण इशारा दिला, खेळाडूंना तो ऐकूच जात नाही. ‘ऑगर भयंकर दिसतो’ या वाक्यात काही माहिती नाही, कारण या खेळात सगळंच भयंकर दिसतं. वर्णनाबरोबर परिणाम दाखवा: वाटेत मोडलेला बैलगाडीचा जू, आणि एका फटक्यात मान मोडलेला बैल. मग लढाईत पहिला वार चिलखतवाल्या फायटरवर पडू द्या आणि आकडा मोठ्यानं सांगा. ‘१७ नुकसान’ ऐकल्यावर २० एचपीचा विझर्ड आपोआप दोन पावलं मागे सरकतो. तरीही कोणी पुढे सरसावला तर खेळाच्या बाहेर येऊन सरळ बोला: ‘तुझे ७ एचपी आहेत, हा सरासरी १३ करतो, क्रिटिकल झाला तर तू जागीच मरू शकतोस. तरी जातोयस?’ यानं कथेचा रंग उडत नाही. त्या पात्रानं आयुष्यभर मारामाऱ्या पाहिल्या आहेत, समोरचा सोटा काय करू शकतो हे त्याला दिसतंय. ते तुम्ही फक्त खेळाडूपर्यंत पोचवताय.

पळून जाणं खरोखर शक्य आहे का, हेही आधी तपासा. ऑगरचा वेग ४० फूट, बहुतेक पात्रांचा ३०. दोघांनी डॅश केलं (सगळी पाळी धावण्यात घातली) तर ८० विरुद्ध ६०, वर पाठ फिरवताच ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे शत्रूला मिळणारा फुकटचा वार. म्हणजे ‘पळा की मग’ हा पर्याय नियमांत नावापुरताच उरतो, आणि हे ओळखूनच खेळाडू शेवटपर्यंत लढत राहतात. तेव्हा जागा आखतानाच सुटकेची वाट ठेवा: ऑगरला शिरता न येणारी अरुंद फट, तोडता येणारा दोरखंडाचा पूल, त्याला भुलवेल असं खाणं. ऑगरची इंटेलिजन्स ५ आहे, मेंढरू दिसलं की तो विझर्डला विसरू शकतो. चौघांतले दोन पडले की तुम्हीच विचारा, ‘माघार घ्यायची का? घेतलीत तर राउंड थांबवून पाठलाग वेगळा खेळू.’ दोन जण दोन बेशुद्धांना उचलून पळू शकतात. तिसरा पडल्यावर ते गणित जुळत नाही.

शून्यावर आल्यावर

पात्र पडलं की घाईनं पुढच्या पाळीकडे जाऊ नका. कोण कुठे आहे, किती फुटांवर आहे, डेथ सेव्हची स्थिती काय, हे एकदा मोठ्यानं सांगा. काही डीएम डेथ सेव्ह गुप्त ठेवतात: खेळाडू फासा टाकतो, फक्त डीएमला दाखवतो. त्यामुळे ‘अजून दोन राउंड आहेत, आधी हल्ला करू’ असला थंड हिशेब बंद होतो, सोबती लगेच धावतात. पण ज्या टेबलावर डीएमच्या आकड्यांवर आधीच शंका आहे तिथे हे करू नका. तुमच्याकडे आत्ता डेथ सेव्ह टेबलाच्या मधोमध, सर्वांच्या डोळ्यांदेखत पडले पाहिजेत.

सोबत्यांकडे काय साधनं आहेत याची उजळणी दुसऱ्या लेव्हलच्या आतच करून घ्या. मेडिसिनचा १० डीसीचा चेक (डी२० आणि कौशल्य मिळून १० किंवा जास्त आणणं) यशस्वी झाला तर पात्र स्थिर होतं. हीलर्स किट ५ सोन्याच्या नाण्यांना मिळते, दहा वेळा चालते आणि तिला चेकही लागत नाही. ती प्रत्येक पार्टीत असायलाच हवी, तरी निम्म्या पार्ट्यांत नसते. स्पेअर द डाइंग ही कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा स्पेल), आणि ५० नाण्यांचं हीलिंग पोशन, जे बेशुद्धाच्या घशात ओतता येतं. स्थिर झालेलं पात्र १डी४ तासांनी १ एचपी घेऊन जागं होतं.

उलट त्रासही असतो. हीलिंग वर्ड हा बरं करणारा स्पेल ६० फुटांवरून, मुख्य कृती न खर्चता, बोनस अॅक्शननं टाकता येतो, त्यामुळे पात्र पडतं, उठतं, पुन्हा पडतं, पुन्हा उठतं, आणि शून्य एचपीची भीतीच संपते. यावर रूढ घरगुती नियम म्हणजे शून्यावर येताना दर वेळी एक एक्झॉशन (थकव्याची एक पायरी). २०२४ च्या नियमांत तो बरा चालतो, कारण तिथे प्रत्येक पायरी डी२० वर फक्त उणे २ आणि वेगात ५ फुटांची घट आणते. २०१४ च्या नियमांत सांभाळून. तिथे तिसऱ्या पायरीला सगळे हल्ले आणि सेव्हिंग थ्रो (संकट टाळण्यासाठी टाकायचे फासे) डिसअॅडव्हांटेजनं पडतात, त्यात डेथ सेव्हही आले. एका लढाईत तीनदा पडलेला माणूस मग उठतच नाही. तुम्ही २०१४ खेळता, तर पात्र त्याच लढाईत दुसऱ्यांदा पडलं तरच एक पायरी द्या, आणि हे आधी जाहीर करा.

मृत्यू झाला, पुढची दहा मिनिटं

जाहीर करण्याआधी नियम तपासा. हाफ-ऑर्कची रिलेंटलेस एन्ड्युरन्स आहे का? (ती शून्यावर १ एचपी राखते, पण जागीच मारणाऱ्या नुकसानापुढे चालत नाही.) अॅब्जरेशन विझर्डचा आर्केन वॉर्ड नुकसान शोषतो का? शील्ड हा बचावाचा स्पेल टाकून बघू म्हणणाऱ्याला सांगावं लागेल की फाशावर थेट पडलेल्या २० ला एसीचा (चिलखत धरून होणाऱ्या बचावाच्या आकड्याचा) प्रश्नच नसतो. सोबत्यांपैकी कोणाची रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी कृती) शिल्लक आहे का, तेही विचारा. एकदा ‘मेला’ म्हटल्यावर पाच मिनिटांनी ‘थांबा, चुकलं’ म्हणणं दोन्ही बाजूंना वाईट.

मग शेवटचा शब्द खेळाडूला द्या. एक वाक्य, एक नजर, हातातली वस्तू कोणाकडे सरकवणं. नियमानं जागीच मेलेलं पात्र बोलू शकत नाही, इथे नियम बाजूला ठेवा. मृत्यूचं वर्णनही त्यालाच विचारून करा: ‘कसं दिसतं ते तू सांगतोस की मी सांगू?’ डीएमनं रंगून केलेलं रक्तामांसाचं वर्णन हे अशा क्षणी सर्वांत जास्त खटकतं.

लढाई संपवा, दहा मिनिटं चहाला थांबा. या दहा मिनिटांत नव्या पात्राचा विषय काढू नका, आणि ‘तू पुढे जायलाच नको होतंस’ हे तर कोणालाच म्हणू देऊ नका. खेळाडू गप्प असेल तर असू द्या. परत बसल्यावर त्याच्या हातात लगेच काहीतरी द्या: पार्टीबरोबरच्या वाटाड्याचा कागद, किंवा पुढच्या लढाईतले गॉब्लिन. म्हणून प्रत्येक मोहिमेत नाव, एचपी आणि दोन हल्ले असलेलं एक साधं सोबती पात्र अर्ध्या पानावर कायम तयार ठेवा.

परत जिवंत करणं

इथे एकच प्रश्न सर्वांत आधी, आणि तोही एकांतात: तुला हे पात्र परत हवंय का? रेझ डेड आणि तत्सम स्पेल्सच्या नियमातच आहे की आत्मा राजी असला पाहिजे. सोबती हजारो नाणी खर्चून विधी करतात आणि खेळाडूच्या मनात नव्या ड्रुइडचा (निसर्गाची जादू वापरणाऱ्या पात्राचा) आराखडा पक्का झालेला असतो, हा फार अवघड प्रसंग होतो.

किमती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. रिव्हिव्हिफाय तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, क्लेरिकला (पुजारी पेशाच्या पात्राला) पाचव्या लेव्हलला मिळतो. मृत्यूनंतर एका मिनिटाच्या, म्हणजे दहा राउंडच्या आत, ३०० नाण्यांचा हिरा. रेझ डेड क्लेरिकच्या नवव्या लेव्हलला, १० दिवसांच्या आत, ५०० नाण्यांचा हिरा, एक तासाचा विधी. परतलेल्याला हल्ले, सेव्ह आणि चेक यांवर उणे ४, जो दर लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एकनं उतरतो. रिझरेक्शन १,००० नाणी आणि शंभर वर्षांची मुदत, ट्रू रिझरेक्शन २५,००० नाणी आणि दोनशे वर्षं. ड्रुइडचा रीइन्कार्नेट १,००० नाण्यांची तेलं मागतो आणि शरीर वेगळंच देतो. जेंटल रिपोज हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल प्रेत राखतो, त्याचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत. तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीला एखाद्या मठातला पुजारी गाठायला हाच वेळ मिळवून देतो.

हिरा जागेवर असावा लागतो, तिजोरीतल्या नाण्यांचा तिथे उपयोग नाही. म्हणून हिरे कुठे मिळतात हे ठरवणं म्हणजेच तुमच्या जगात मृत्यू किती खरा आहे हे ठरवणं. प्रत्येक बाजारात ३०० नाण्यांचा हिरा मिळत असेल तर मरण म्हणजे दंडाची पावती. अजिबात मिळत नसेल तर क्लेरिकनं घेतलेला स्पेल फुकट गेला. पाचव्या ते आठव्या लेव्हलपर्यंत पार्टीच्या हाती एकूण एक किंवा दोन हिरे पडतील एवढाच पुरवठा ठेवा, आणि कोणासाठी वापरायचा हे त्यांना ठरवू द्या.

विधीला वजन द्यायचं असेल तर ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाचे डीएम मॅट मर्सर यांची पद्धत चांगली आहे. तिघा सोबत्यांपर्यंत प्रत्येकानं मृतासाठी काही करायचं, शपथ, आठवण, प्रार्थना, आणि त्याला साजेसा चेक टाकायचा. मूळ डीसी १०, आधी जितक्यांदा परत आला तितके अधिक, प्रत्येक यशाला ३ वजा, प्रत्येक अपयशाला १ अधिक. शेवटी डीएम काहीही न मिळवता नुसता डी२० टाकतो. कोणी काहीच केलं नाही तर यशाची शक्यता ५५ टक्के. दोन यश आणि एक अपयश असेल तर डीसी ५, म्हणजे ८० टक्के. तिन्ही यश असतील तर फासा टाकणं नावापुरतंच. ही पद्धत मोहिमेच्या सुरुवातीलाच सांगा. पहिला मृतदेह समोर असताना आणलेला नवा अडथळा शिक्षा वाटतो.

नवं पात्र

लेव्हल बाकीच्यांइतकीच. एक लेव्हल खाली आणायची जुनी रीत मी कधीच सुचवणार नाही. मेलेल्याच्या जागी आलेलं कमकुवत पात्र आधी मरतं, आणि तोच खेळाडू दुसऱ्यांदा बाहेर बसतो. खेळात प्रवेश पहिल्या अर्ध्या तासात झाला पाहिजे, पिंजऱ्यातला कैदी म्हणून का होईना.

बहुतेक टेबलं अडतात ती वाटणीवर. नवं पात्र आपल्या लेव्हलच्या सामानासह येतं, आणि मेलेल्याचं सामान बाकीचे वाटून घेतात. दोन मृत्यूंनंतर पार्टी दुप्पट श्रीमंत होते आणि लढायांचा तोल जातो. मृत्युपत्राचा नियम करा: जादूच्या वस्तूंपैकी एक सोबत्याला, बाकी घरच्यांना किंवा चितेबरोबर. तो चितेचा किंवा दफनाचा प्रसंग पंधरा मिनिटं खेळा. सोबत्यांना बोलायला जागा मिळते आणि वस्तूंचा प्रश्नही तिथेच मिटतो.

सगळी पार्टीच मेली तर खेळ तिथे थांबवा, त्याच संध्याकाळी पुढचं ठरवू नका. कैदेत जाग येणं, मृतांच्या लोकातून परतीची वाट, पन्नास वर्षांनंतर त्याच गुहेत उतरणारी नवी पार्टी, हे तिन्ही चालतात. पण कैदेचा पर्याय फक्त अशा शत्रूंना शोभतो ज्यांना कैदी हवे असतात.

इतर खेळांतून उचलण्यासारखं थोडं आहे. डन्जन वर्ल्डमध्ये मरणारा २डी६ टाकतो: १० किंवा जास्त आलं तर मृत्यूला चकवा, ७ ते ९ आलं तर मृत्यू स्वतः सौदा मांडतो, त्याखाली शेवट. हा मधला सौदा पाचव्या आवृत्तीत तिसऱ्या अपयशानंतर सहज बसवता येतो. २०२५ च्या डॅगरहार्टमध्ये खेळाडू एक शेवटची कृती खात्रीच्या क्रिटिकलनं करून मरणं निवडू शकतो, तेही उचला. कॉल ऑफ कथुलूमधला सहज मृत्यू मात्र उचलू नका. तिथे पात्र शरीरानं टिकलं तरी सॅनिटी (मनाच्या तोलाचा आकडा) शून्यावर आली की खेळाडूच्या हातातून जातं, आणि सगळा खेळच त्या घसरणीवर उभा आहे.

तुमच्या टेबलापुरतं म्हणाल तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीला एवढंच सांगा: ‘ऑगरचा तो आकडा मी बदलला होता. इथून पुढे लढाईतले माझे फासे उघड पडतील, आणि मृत्यू केव्हा होऊ शकतो हे आज आपण लिहून ठेवू.’ त्याआधी विझर्डच्या खेळाडूला एकट्याला फोन करा. पात्र जसं आहे तसं पुढे नेणं हा त्याचा हक्क आहे, तेवढ्यावर थांबला तरी चालेल. त्याला त्या फटक्याची खूण ठेवायची असेल तर दोन पर्याय समोर ठेवा: कायमची एक जखम, जी तो स्वतः सुचवेल, किंवा बेशुद्धीत त्याच्याशी बोललेलं कोणीतरी, ज्याचं देणं अजून फिटायचं आहे. आकडे त्याच्या कागदावर तेच राहू द्या.